पोरं मैदानात, आपण दोरीबाहेर : लॅक्रॉसबद्दल वाचकांचे प्रश्न

या वेळी सगळी पत्रं एकाच खेळावरची घेतलीत. लॅक्रॉस म्हणजे टोकाला जाळी असलेली काठी घेऊन त्या जाळीत बॉल झेलायचा, घेऊन पळायचा, एकमेकांना फेकायचा आणि समोरच्यांच्या गोलमध्ये मारायचा. नागपुरात हा खेळ अजून नवाच आहे, क्रिकेट-बॅडमिंटनसारखं शेजारीपाजारी विचारायला कोणी नसतं, त्यामुळे आईबाबांची घालमेल पत्रांमधून बरोबर दिसते. लांब पत्रं थोडी कापली आहेत.

प्रश्न : नमस्कार सर, माझी मुलगी दहा वर्षांची आहे, पाचवीत. शाळेत नवीन पीटी सर आले, त्यांनी लॅक्रॉस सुरू केलं. सुरुवातीला एकदम खुश होती, आता म्हणते मला येतच नाही, बॉल जाळीत थांबतच नाही, सगळ्या मैत्रिणी पुढे गेल्या. बॉल अंगावर आला की डोळे मिटून घेते. मी आणि तिचे बाबा कधी कोणता खेळ खेळलो नाही, आम्हाला यातलं शून्य कळतं. घरी काय करून घ्यायचं? एक्स्ट्रा कोचिंग लावू का, की सोडू देऊ? (एक आई, मनीषनगर)

उत्तर : ताई, आधी तिची काठी हातात घेऊन बघा. हे पहिलं सांगतोय कारण बऱ्याचदा दोष पोरीचा नसतोच. नवीन काठीची जाळी कोरी, ताणलेली असते, त्यात बॉल पडला की टप्पकन उडून बाहेर येतो, तुमच्या माझ्या हातूनही येईल. जाळीला थोडा झोल पडावा लागतो. रात्री झोपताना बॉल जाळीत दाबून वरून जुन्या ओढणीने बांधून ठेवा, सकाळी सोडा, आठवडाभर हे करा आणि रोज थोडं खेळू द्या, जाळी मोकळी होईल. फार खोल झोल मात्र चालत नाही, मुलींच्या काठीची जाळी मुलांच्या काठीपेक्षा उथळच ठेवतात, तेव्हा एकदा पीटी सरांना दाखवून घ्या. जाळीच्या दोऱ्या सैल-घट्ट कशा करायच्या हे तिने स्वतः शिकलं तर उत्तम, दहा वर्षांच्या मुलीला ते सहज जमतं आणि काठी मग "माझी" होते.

दुसरं बघा, काठीची लांबी. मुलींची काठी साधारण ३५.५ ते ४३.२५ इंचाची असते. शाळेने पाचवी ते नववी सगळ्यांना एकाच मापाच्या काठ्या दिल्या असतील तर तुमच्या मुलीला ती लांब पडत असणार, खालचं टोक पोटाला अडतं आणि मनगट फिरत नाही. लहान मुलांसाठी दांडी खालून कापून आखूड करतात. सरांशी बोलून करा.

आता डोळे मिटण्याचं. ती बरोबरच करते. बॉल भरीव रबराचा असतो, वजन १४० ते १५० ग्रॅमच्या आसपास, म्हणजे क्रिकेटच्या लेदर बॉलपेक्षा थोडाच हलका, तो तोंडाकडे येताना दिसला की कोणीही डोळे मिटेल. तिला काही दिवस टेनिस बॉल द्या, जेमतेम ५८ ग्रॅमचा असतो, लागला तरी हसू येतं. भीती गेली की झेल आपोआप सुधारतो. आणि एक साधी गोष्ट सांगा, काठीची जाळी नाकासमोर धरायची नाही, कानाच्या बाजूला धरायची, आणि बॉल आला की त्याला ठोकायला पुढे जायचं नाही, तो जाळीत शिरताना काठी त्याच्यासोबत थोडी मागे येऊ द्यायची. मुलींच्या खेळात सहसा हेल्मेट नसतं, डोळ्यांवर तारेच्या जाळीचा गॉगल आणि तोंडात माउथगार्ड असतो. हे दोन्ही असल्याशिवाय भरीव बॉलने खेळू देऊ नका, शाळेने दिले नसतील तर मागा, न लाजता मागा, बाकीच्या आयांनाही सोबत घ्या.

घरी तुम्ही काही शिकवू नका, तिला फक्त एक भिंत मिळवून द्या. जगात जिथे जिथे हा खेळ चालतो तिथे पोरं भिंतीवरच शिकतात. दहा फुटांवर उभं राहायचं, बॉल भिंतीवर फेकायचा, परत आला की जाळीत झेलायचा. तासभर सरावाला वीस मुली असतील तर एकीच्या वाट्याला बॉल किती वेळा येतो हे एक दिवस मैदानावर जाऊन मोजा म्हणजे भिंतीची किंमत कळेल. दहा मिनिटांत भिंत तिला शंभराच्या वर वेळा बॉल परत देते आणि चुकलं तर कोणी बघत नसतं. मनीषनगरात फ्लॅट स्कीममध्ये राहत असाल तर पार्किंगची मागची भिंत बघा, टेनिस बॉल वापरा, दुपारी दोन ते चार लोक झोपतात तेव्हा नको, आणि खालच्या मजल्यावरच्या काकूंना आधीच सांगून ठेवा. पाच मिनिटं उजव्या हाताने, पाच मिनिटं डाव्या हाताने. डावा हात सुरुवातीला अगदीच परक्याचा वाटतो, त्यावर ती चिडेल, चिडू द्या. मोजायचं असेल तर ती मोजेल, तुम्ही मोजू नका. आज कंटाळा आला म्हणाली तर आज नाही.

एक्स्ट्रा कोचिंगचे पैसे आता घालवू नका, त्यात दुसरी एक स्वस्तातली काठी घ्या, तुमच्यासाठी. तुम्ही म्हणता आम्हाला शून्य कळतं, तीच तुमची ताकद आहे ताई. तिला म्हणा मला शिकव. ज्या पोरीला वाटतं आपल्याला काही येत नाही ती संध्याकाळी आईला "अगं आई मनगट फिरव ना, पूर्ण हात काय फिरवतेस" असं सांगू लागली की तिचं तिलाच ऐकू येतं आपल्याला किती येतं ते. हे मी किती घरांत बघितलंय. बाबांनाही घ्या, गॅलरीतून बघत बसू नका म्हणा.

आणि जमिनीवरचा बॉल. या वयात पास सुटतात, झेल सुटतात, त्यामुळे बॉल बराच वेळ गवतातच असतो आणि दहा पोरी त्याच्याभोवती काठ्या आपटत असतात. बहुतेकजणी उभ्या उभ्या वरून काठी दाबून बॉल स्वतःकडे ओढायला बघतात, तो काही येत नाही. रेतीच्या ढिगाखाली मजूर फावडं घालतो ना तसं करायचं, गुडघे वाकवून, मागचा हात अगदी जमिनीलगत आणून, न थांबता बॉलच्या खालून काठी सरकवत पुढे निघून जायचं, आणि बॉल आत आला की काठी लगेच कानाजवळ. ही एक गोष्ट तिला जमली तर महिनाभरात सर तिचं नाव घेतील. यात उंची लागत नाही, ताकद लागत नाही, वाकायची तयारी लागते.

सोडू द्यायचं का, तर लगेच नाही. सत्र संपेपर्यंत थांबू असं दोघींनी ठरवा, मग तिला विचारा आणि ती म्हणेल ते खरंच मान्य करा. मात्र त्याआधी एकदा शांतपणे विचारा की तिथे मजा कशात येते. कधीकधी खेळात काहीच अडचण नसते, मैत्रीण दुसऱ्या गटात गेलेली असते एवढंच.

प्रश्न : सर, माझा मुलगा बारा वर्षांचा, लॅक्रॉसमध्ये बाकीच्या पोट्ट्यांपेक्षा खूप पुढे आहे. २०२८ च्या ऑलिम्पिकमध्ये हा खेळ आहे असं वाचलं. आपल्याकडे खेळणारे कमी म्हणजे चान्स जास्त, नाही का? दिव्या देशमुख नागपूरचीच, ओजस देवतळे नागपूरचाच, मग आपलं पोरगं का नाही. म्हणून मी त्याचं फुटबॉल आणि खो-खो बंद केलं, सकाळ-संध्याकाळ फक्त हेच. पण तो आजकाल चिडचिड करून राहिला, मॅच झाली की घरी येईपर्यंत गाडीवर एक शब्द बोलत नाही. मी बाजूला उभा राहून त्याला सांगत असतो तेही आवडत नाही. काय करावं? (एक वडील, त्रिमूर्तीनगर)

उत्तर : भाऊ, तुमची तळमळ पत्राच्या ओळीओळीत आहे, आणि पोरासाठी सकाळी उठून मैदानावर जाणारा बाप मिळायला नशीब लागतं. म्हणून स्पष्ट लिहितो.

ऑलिम्पिकचं तुम्ही बरोबर वाचलं. तो निर्णय आपल्या मुंबईतच झाला, ऑक्टोबर २०२३ मध्ये आंतरराष्ट्रीय ऑलिम्पिक समितीचं अधिवेशन तिथे भरलं होतं, क्रिकेटही त्याच वेळी २०२८ च्या लॉस एंजेलिससाठी घेतलं. लॅक्रॉसला याआधी पदकं मिळाली ती १९०४ आणि १९०८ साली, म्हणजे एकशेवीस वर्षांनी हा खेळ परत येतोय, आनंदाचीच गोष्ट आहे. तिथे सहा-सहा जणांचा छोटा प्रकार खेळणार, मैदान ७० बाय ३६ मीटर, आठ-आठ मिनिटांचे चार डाव, आणि बॉल मिळाल्यापासून तीस सेकंदांत गोलवर मारायचाच. हा प्रकार आपल्यासाठी खरंच सोयीचा आहे, बारा-चौदा पोरं जमली आणि फुटबॉलच्या मैदानाचा एक तुकडा मिळाला तरी खेळता येतो. पण २०२८ ला तुमचा मुलगा नववी-दहावीत असेल हो. त्या ऑलिम्पिकशी त्याचा संबंध टीव्हीसमोर बसून बघण्याचा आहे, आणि ते त्याने पोटभर बघावं.

तुम्ही दिव्या आणि ओजसचं नाव घेतलं. दिव्याने २०२५ मध्ये बुद्धिबळाचा महिला वर्ल्ड कप जिंकला, ओजस २०२३ मध्ये बर्लिनला तिरंदाजीत जगज्जेता झाला, अख्ख्या नागपूरची मान उंच झाली. पण बघा, दोघांचे खेळ एकट्याने पटावर किंवा निशाण्यासमोर उभं राहून खेळायचे. लॅक्रॉसमध्ये तुमच्या मुलाने कितीही चांगला पास दिला तरी समोर झेलणारा पाहिजे. तो बाकीच्या पोट्ट्यांपेक्षा पुढे आहे असं तुम्ही अभिमानाने लिहिता, मला मात्र तिथे काळजी वाटली, कारण ती बाकीची पोट्टी कंटाळून सोडून गेली तर तुमच्या मुलाचा खेळ त्याच दिवशी थांबतो. आपल्या गावात या खेळाचं सगळं भविष्य एवढ्यावरच आहे की आज आलेली पंधरा पोरं उद्या परत येतात का. तेव्हा तुमच्या मुलाला पुढे न्यायचं असेल तर त्याच्या टीममधल्या सगळ्यात कच्च्या पोराला मजा येते का हे बघा. रविवारी त्याला आणि अजून दोघांना गाडीत घालून न्या. चांगला पास दिला म्हणून दुसऱ्याच्या मुलाचं नाव घेऊन ओरडा. याने तुमच्या मुलाचा जो फायदा होईल तो सकाळच्या दोन तासांनी होणार नाही.

खो-खो आणि फुटबॉल उद्यापासून परत सुरू करा. हे मी आग्रहाने सांगतोय. खो-खोत पोरगं जे शिकतं, अंगाला झोल देणं, पूर्ण वेगात असताना एका पायावर थांबून उलटं वळणं, खांबाला लगटून निसटणं, तेच लॅक्रॉसमध्ये बचाव करणाऱ्याला चकवताना लागतं, आणि अमेरिका-कॅनडातली पोरं हे शिकायला वेगळे ड्रिल करतात. आपल्याकडे ते शाळेच्या अंगणात फुकट मिळतंय आणि तुम्ही बंद केलं. फुटबॉलमध्ये मोकळी जागा कुठे आहे ते बघायची सवय लागते. मुलांचे डॉक्टरही सांगतात की पंधरा-सोळा वर्षांपर्यंत एकाच खेळाला जुंपू नका, आठवड्यातून एक-दोन दिवस पूर्ण सुट्टी द्या, वर्षातून काही आठवडे त्या खेळापासून लांब राहू द्या, नाहीतर तेच खांदे, तीच मनगटं घासली जातात आणि मन त्याच्याआधी घासलं जातं. आठवड्याचे सरावाचे तास मुलाच्या वयाच्या आकड्यापेक्षा जास्त नकोत असा एक ढोबळ हिशोब असतो, म्हणजे तुमच्या मुलाचे सगळे खेळ मिळून बारा. मोजून बघा.

राहिलं बाजूला उभं राहून सांगणं. पुढच्या मॅचला बॉल बघू नका, फक्त त्याचा चेहरा बघा. त्याच्या जाळीत बॉल येतो, समोरून एकजण काठी उगारून धावत येतोय, डावीकडून मित्र "दे दे" करतोय, कोच म्हणतोय थांब, आणि त्याच वेळी दोरीबाहेरून तुमचा आवाज येतो "मार!". तुम्हाला दिसेल, अर्धा सेकंद त्याची मान तुमच्याकडे वळते. बॉल तिथेच जातो. निर्णय त्याचा त्यालाच घेता आला पाहिजे, चुकला तर चुकू द्या, बारा वर्षांच्या पोराने चुकीचा पास देणं हाच त्याचा अभ्यास आहे. टाळ्या वाजवा, नाव घेऊन ओरडा, पण काय करायचं ते सांगू नका, ते कोचचं काम.

आणि गाडीवर तो बोलत नाही ना, तुम्हीही बोलू नका. हरला असेल तर त्याला माहीत आहे हरलो ते. मला विचाराल तर घरी जाताना वाटेत तर्री पोहे खाऊ घाला, "मजा आली तुला खेळताना बघून" एवढं म्हणा आणि दुसरा विषय काढा. मॅचचा विषय त्याने काढला तर ऐका, मध्येच दुरुस्ती करू नका. दोन-तीन रविवार असे गेले की तो आपणहून बोलायला लागेल, कदाचित पोहे संपायच्या आधीच.

प्रश्न : मुलगा-सून न्यू जर्सीला असतात, नातू नऊ वर्षांचा, लॅक्रॉस खेळतो. आम्ही दोघे मार्चमध्ये जाऊन चार महिने राहणार. मागच्या वेळी मी त्याच्या दोन मॅच बघितल्या पण काही केल्या कळेना. काठ्यांनी एकमेकांना मारतात तरी शिट्टी वाजत नाही, बॉल बाहेर आपल्या पोराने मारला तरी परत आपल्यालाच देतात. मी आयुष्यभर हॉकी बघितली आहे. नातवाशी बोलायला विषय हवा, थोडं समजावून सांगाल का? (एक आजोबा, महाल)

उत्तर : काका, तुमचं पत्र वाचून फार बरं वाटलं, आणि हॉकी बघितलेल्या माणसाला हे कळायला एक दुपार पुरते.

मोठ्या मुलांच्या मैदानी खेळात एका बाजूला दहा जण असतात, एक गोली म्हणजे गोलकीपर, तीन बचावाचे, तीन मधले, तीन चढाईचे. मधले तिघे सगळीकडे धावतात, बाकीच्यांना ऑफसाइडचा नियम आहे, म्हणजे एका टीमचे गोली धरून किमान चार जण स्वतःच्या अर्ध्यात आणि तीन समोरच्या अर्ध्यात राहिले पाहिजेत. नऊ वर्षांच्या मुलांना मात्र सहसा लहान मैदानावर कमी पोरं घेऊन खेळवतात म्हणजे प्रत्येकाच्या हाताला बॉल लागतो, तेव्हा आकडे जुळले नाहीत तर गोंधळू नका. गोल सहा बाय सहा फुटांचा चौकोन, आणि गंमत म्हणजे त्याच्या मागेही खेळता येतं, हॉकीत गोललाइन संपली की खेळ संपला, इथे मागून फिरून येऊन गोल करतात.

तुम्हाला पडलेले दोन प्रश्न अगदी नेमके आहेत. मुलांच्या खेळात समोरच्याच्या काठीवर काठी मारून बॉल पाडायला परवानगी आहे, आणि काठी धरलेला ग्लोव्हजमधला हात काठीचाच भाग धरतात, म्हणून त्यावर लागलं तरी शिट्टी नाही. डोक्यावर, मानेवर किंवा पाठीवर मारलं तर मात्र फाउल, आणि मारणारा सहसा काही वेळ बाहेर बसतो, तोवर त्याची टीम एकाने कमी. नातू बाहेर बसला तर काळजी नको, तो परत येतो. मुलींच्या खेळात एवढी धक्काबुक्की चालत नाही, नियमच वेगळे आहेत. दुसरं, गोलवर मारलेला बॉल बाहेर गेला तर तो बाहेर जाताना ज्याचा खेळाडू सगळ्यात जवळ असेल त्याला बॉल मिळतो. म्हणून गोलवर कोणी मारायला लागलं की त्याच टीमचा एकजण मागच्या लाइनकडे पळत सुटतो, तुम्ही बघाच. बहुतेक लोकांचं लक्ष जात नाही तिकडे, आणि तुमचा नातू असं धावला तर घरी आल्यावर तेवढंच बोला, "तू मागे धावलास म्हणून बॉल आपल्याकडे राहिला". त्याने गोल केला हे सगळेच सांगतील, हे आजोबाच सांगतील.

विषय हवा तर त्याला विचारा हा खेळ कोणाचा. तो त्या भूमीवरच्या मूळच्या लोकांचा, हॉडेनोशोनी वगैरे जमातींचा, गोरे लोक यायच्या कितीतरी आधीपासूनचा, आणि त्यांच्यासाठी तो नुसता खेळ नव्हता, देवाला अर्पण केलेला, आजारी माणसाला बरं वाटावं म्हणूनही खेळायचा. त्यांची हॉडेनोशोनी टीम आजही आंतरराष्ट्रीय स्पर्धेत स्वतःच्या नावाने उतरते. कॅनडाने १९९४ मध्ये कायदा करून लॅक्रॉसला उन्हाळ्याचा राष्ट्रीय खेळ ठरवलं, हिवाळ्याचा आइस हॉकी. तुम्ही त्याला आपल्या हॉकीच्या आणि लंगडीच्या गोष्टी सांगा, तो तुम्हाला या सांगेल.

काकूंना सांगा मार्चमध्ये तिथे मैदानावर हाडं गोठतात, शाल आणि कानटोपी दोन्ही बॅगेत वरच ठेवा.

प्रश्न : लॅक्रॉसचे दहावीला खेळाचे मार्क मिळतात का? नसतील तर वेळ घालवण्यात अर्थ आहे का? (एक आई, बेसा)

उत्तर : ताई, सवलतीच्या गुणांसाठी खेळ आणि स्पर्धा दोन्ही सरकारच्या यादीत असाव्या लागतात, आणि यादी बदलत असते, म्हणून जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयात शाळेमार्फत लेखी विचारा, मैदानावरच्या तोंडी आश्वासनावर जाऊ नका. मार्क नसले तरी अर्थ आहे. मूल रोज तासभर पळतंय, घाम गाळतंय, हरून घरी येतंय आणि परत जातंय, या वयात मला तरी यापेक्षा चांगला वेळ कुठे घालवता येईल असं वाटत नाही.

प्रश्न : मे महिन्यात समर कॅम्प ठेवलाय, सकाळी नऊ ते अकरा. पाठवू का? (एक वडील, मानेवाडा)

उत्तर : भाऊ, नागपूरचा मे आणि नऊ ते अकरा, नाही. पारा पंचेचाळिसाच्या आसपास असतो तेव्हा नऊलाच ऊन चटका देऊन राहिलेलं असतं, वर मुलांच्या डोक्यावर हेल्मेट आणि अंगावर पॅड. आयोजकांना चार पालक मिळून भेटा, सहा ते साडेसात करा म्हणा, बहुतेक ऐकतात. दर पंधरा-वीस मिनिटांनी सावलीत थांबून पाणी, तहान लागली का हे न विचारता. घरून निघताना मीठ-साखर घातलेलं लिंबूपाणी किंवा पन्हं द्या. मूल खेळता खेळता गप्प झालं, डोकं दुखतं म्हणालं, उलटीसारखं वाटतं म्हणालं की तिथेच थांबवायचं, पॅड काढायचे, सावलीत आणून ओल्या कपड्याने अंग पुसायचं. बरळायला लागलं किंवा अंग तापून चक्कर आली तर वेळ न घालवता दवाखाना. वेळ बदलत नसेल तर या वर्षी कॅम्प राहू द्या, भिंत घरी आहेच.

प्रश्न : सर मी सहावीत आहे. मला गोली व्हायचंय पण आई नाही म्हणते, बॉल लागेल म्हणते. आमच्या टीममध्ये कोणीच गोली व्हायला तयार नाही, मी तयार आहे. आईला तुम्ही सांगा ना. (अकरा वर्षांचा वाचक, धरमपेठ)

उत्तर : बाळा, जे काम कोणी घ्यायला तयार नाही ते तुला हवंय, शाब्बास. पण आईचं म्हणणं खोटं नाहीये, बॉल लागणार. म्हणून आपण आईला असं सांगू.

गोलीला सगळं सामान पाहिजे, गळ्याचं गार्ड असलेलं हेल्मेट, छातीचं पॅड, ग्लोव्हज, माउथगार्ड आणि मुलांसाठी अ‍ॅब्डॉमिनल गार्ड. छातीचं पॅड लॅक्रॉसच्या गोलीसाठी बनवलेलंच हवं, क्रिकेटचं उसनं आणायचं नाही, कारण नेमक्या जागी आणि नेमक्या क्षणी बॉल छातीवर बसला तर हृदयाचे ठोके बिघडू शकतात. असं फार क्वचित होतं, पण होतं, म्हणून यात तडजोड नाही. सामान शाळेचं असेल तर ते तुझ्या मापाला बसतं का हे आईने स्वतः घालून बघू दे. यातलं एक जरी नसेल त्या दिवशी तू गोलमध्ये उभा राहणार नाहीस, असं आईला वचन दे आणि पाळ.

मग पहिले पंधरा दिवस फक्त टेनिस बॉल, आणि मारणारा लांबून मारेल. गोलीची जाळी सगळ्यांपेक्षा मोठी असते, दहा-बारा इंच रुंद, तिचा उपयोग कर. बॉल आला की मागे सरकायचं नाही, आधी हात बॉलकडे न्यायचे, मग एक पाऊल बॉलकडे. डोकं वळवलं तर बॉल दिसत नाही आणि हेल्मेटचं तोंड बाजूला जातं, म्हणून चेहरा समोरच. अडवून झालं की तुझं काम संपत नाही, सगळं मैदान तुलाच दिसत असतं, तेव्हा कोण मोकळा आहे ते मोठ्याने ओरडून सांगायचं आणि त्याला पास द्यायचा. गोल झाला तर बॉल जाळ्यातून काढून द्यायचा आणि पुढच्याकडे बघायचं, चांगल्या गोलीवरही प्रत्येक मॅचमध्ये गोल होतातच.

हे पान आईला वाचायला दे. आणि एक दिवस सरावाला तिला घेऊन जा, गोलच्या नेटमागे नाही, बाजूला सुरक्षित जागी उभी कर, टेनिस बॉलचे दहा-वीस शॉट तिच्यासमोर अडव. त्यानंतर ती काय म्हणाली ते मला कळव, तिचे काही प्रश्न असतील तर तेही लिहून पाठव, पुढच्या अंकात घेतो.